आबांच्या मनातलं

मोहनरावांच्या अंगावरून वारं गेलं ते नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत, इंदापूरच्या बंगल्यात, लोकांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता. समोर एक म्हातारी निराधारांच्या पगाराचं सांगत होती. मोहनराव सवयीप्रमाणं "बघू" म्हणाले आणि खुर्चीतच उजव्या अंगाला कलले. साहेबांचा डोळा लागला असं म्हातारीला वाटलं. ती आपली सांगतच राहिली. खुर्चीमागं उभ्या असलेल्या बिरू वाघमोडेला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळताना दिसली, तेव्हा कुठं धावाधाव सुरू झाली.

सारा मतदारसंघ त्यांना आबा म्हणायचा. निम्मा बारामती तालुक्यात आणि निम्मा इंदापूर तालुक्यात पसरलेला तो मतदारसंघ सदुसष्ट सालापासून त्यांच्या मुठीत होता. सात निवडणुका झाल्या, एकदाही हार नाही. दोनदा राज्यमंत्री. आबांना चाळीस हजार माणसं नावानं ठाऊक आहेत असं लोक सांगायचे आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पणदऱ्याच्या बाजारात गाडीतून उतरले की भाजीवालीलाही तिच्या थोरलीचं बाळंतपण नीट झालं का म्हणून विचारायचे. ती बाई मग जन्मभर दुसरीकडं शिक्का मारायची नाही.

त्याच डोक्यात ते डूखही धरून ठेवायचे. एकोणऐंशी साली एका शाळेला भेट द्यायला गेले तेव्हा तिथला मास्तर खुर्चीवरून उठला नाही. निवृत्तीपर्यंत त्या मास्तराची अकरा वेळा बदली झाली. शेवटची झाली ती त्याची बायको अंथरुणाला खिळलेली असताना, पार वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळेवर. भावकीतला एकजण पंचायत समितीला त्यांच्या माणसाविरुद्ध उभा राहिला, तर तीन हंगाम त्याच्या उसाला कारखान्याकडून वेळेवर तोड मिळाली नाही. उसाला तुरे आले, वाळून चिपाडं झाली. आबा त्या वाटेनं जाताना मुद्दाम गाडी थांबवायला सांगायचे. काच खाली करून ते पांढरे तुरे जरा वेळ बघायचे आणि मग पुढं जायचे.

बिरू त्यांच्यामागं तीस वर्षं होता. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. बिरूनं ते कमी केलं, थोडी जमीन धरली, थोडी मेंढरं ठेवली आणि राजकारणाला लागला. जिरायत पट्ट्यातल्या धनगरवस्त्यांची मतं तो आबांना आणून द्यायचा. आबांनी त्याला खुर्चीमागं उभं राहायची जागा दिली होती. त्या जागेवरून बिरू एक विद्या शिकला. आबा कुणालाच नाही म्हणत नसत. प्रत्येकाला एकच शब्द मिळायचा, बघू. पण आवाज कुठं चढला, शेवट किती लांबला, म्हणताना नजर कुठं होती, यावरून बिरूला नेमकं कळायचं की हे काम आठवड्यात होणार, की वर्षानं होणार, की माणूस मेला तरी होणार नाही. लोक आतून बघू घेऊन बाहेर यायचे आणि पडवीत बिरूला विचारायचे, "बिरूनाना, आबांच्या मनात काय हाय?" बिरूनं सांगितलेलं कधी चुकलं नाही.

बिरूला स्वतःसाठी एकच गोष्ट पाहिजे होती, जिल्हा परिषदेचं तिकीट. त्याच्या वस्तीवरचा कुणी माणूस कधी कुठल्या खुर्चीवर बसला नव्हता. ब्याण्णव साली आबा त्याला म्हणाले, या वेळेस थांब, पुढच्या वेळेस तूच. सत्त्याण्णव साली खरंच त्याला अर्ज भरायला सांगितलं. वस्त्यांवरून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. ढोल वाजले, म्हाताऱ्यांनी गजी नाच धरला, तहसील कचेरीचं आवार भंडाऱ्यानं पिवळं झालं. बिरूची बायको सारजा हिनं त्या दिवशी नवं लुगडं नेसून नवऱ्याला ओवाळलं.

अर्ज माघारी घ्यायच्या दिवशी आबांनी त्याला त्याच कचेरीत बोलावून घेतलं. त्या गटातून विजयसिंहाला उभं करायचं ठरलंय, त्याचाही अर्ज भरून ठेवलाय म्हणाले. विजयसिंह म्हणजे आबांचा मुलगा, नुकताच पुण्याहून शिकून आलेला. आबांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून बिरूच्या हातात दिलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली. बिरूनं सही केली. मग आबा म्हणाले, "हे तू आपणहून केलंस, ते बाहेर जाऊन तुझ्या तोंडानं सांग."

बाहेर त्याची माणसं कपाळाला भंडारा लावून बसली होती. बिरूनं त्यांना सांगितलं.  एक म्हातारा उठला आणि ढोल उलटा करून त्यावर बसला.

संध्याकाळी विजयसिंहाच्या बिनविरोध निवडीचं जेवण होतं. आबांनी निरोप धाडला की बकरी बिरूच्याच घरची चांगली असतात. सारजानं दहा बकरी सोडून दिली. पंगतीत आबा स्वतः वाढायला आले, बिरूच्या ताटात दोनदा मटण घातलं आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माणूस असावा तर असा." बिरूनं ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खुर्चीमागं उभा राहिला.

वारं गेल्यावर आबा पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, फक्त एक राहिला. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून समजावलं की त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं, पण मनातला शब्द ओठावर यायची वाट तुटली आहे. जन्मभर जो शब्द फार वापरला असेल तोच कधीकधी तेवढा शिल्लक राहतो. आबांना पाणी पाहिजे असलं तरी ते बघू म्हणायचे, राग आला तरी बघू, रडू फुटलं तरी बघू. मानेचाही भरवसा नव्हता. हो म्हणायला गेले की मान आडवी हलायची. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघा उमटायच्या.

इंदापुरात आणल्यावर एका सकाळी ते तासभर ओरडत होते. कुणी पाणी दिलं, कुणी पंखा लावला, कुणी कूस बदलून दिली. ओरडणं थांबेना. बिरू आला, दारात उभा राहून दोन वेळा ऐकलं आणि म्हणाला, "त्यो भिंतीवरचा शपथविधीचा फोटू तिरका झालाय. नीट करा." फोटो सरळ केला. आबा गप्प झाले, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्या दिवसापासून घरात पक्कं झालं की आबांचं बोलणं बिरूला कळतं. डॉक्टर आले तरी बिरूला बोलवायचे.

सेवेला मात्र होती ती स्वरूपा, आबांची थोरली मुलगी. ती बारामतीत कॉलेजात शिकवायची आणि सासरच्या भागातून पंचायत समितीवर दुसऱ्यांदा निवडून आली होती. आबांनी तिला कधी आपल्या व्यासपीठावर घेतलं नव्हतं. पोरगी ती, परक्याच्या घरची, एवढंच म्हणायचे. बिनपगारी रजा काढून ती इंदापुरात येऊन राहिली. आबांना ती भरवायची, त्यांचं हगणं-मुतणं काढायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पहिले काही दिवस आबा तिच्याकडं बघतही नसत. नंतर ती खोलीबाहेर गेली की त्यांची नजर दारावरच असायची.

विजयसिंहाला निवडणूक दिसत होती. आबा आता कामातून गेले अशी कुजबुज गावोगाव चालू होती आणि ती थांबवायला आबा लोकांना दिसायला पाहिजे होते. मे महिन्यात त्यानं एका उघड्या जीपमध्ये आबांना बसवलं. तोल जाऊ नये म्हणून छातीभोवती उपरणं गुंडाळून मागच्या दांडीला घट्ट बांधलं आणि त्यावर शाल पांघरली. डोक्याला फेटा बांधला. शेजारी बिरू, पुढं विजयसिंह. सकाळी अकराला निघाले. गावोगाव बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. विजयसिंह मागं वळून म्हणायचा, "आबा, हसा." आबांच्या तोंडाची एकच बाजू हलायची आणि ते हसल्यासारखं दिसायचं. उन्हानं पत्रा तापला होता. तिसऱ्या गावात आबांचं धोतर ओलं झालं. विजयसिंहानं ते पाहिलं आणि शाल जरा खाली ओढायला सांगितली.

आबांनी बिरूकडं वळून बघू म्हटलं, अगदी हळू.

"आबा खाली उतरवा म्हणत्यात," बिरूनं सांगितलं.

"अजून दोन गावं," विजयसिंह म्हणाला.

घरी आणलं तेव्हा उपरण्याचे वळ छातीवर उठले होते आणि अंगात ताप भरला होता. स्वरूपा भावाला अंगणात सगळ्यांदेखत बोलली. त्या दिवसानंतर विजयसिंह खोलीत आला की आबा डोळे मिटून घ्यायचे आणि तो जाईपर्यंत उघडायचे नाहीत.

त्या वर्षी पक्ष फुटला, निवडणुका लवकर लागल्या, आणि ऑगस्टमध्ये उमेदवार ठरवायला पक्षाचे निरीक्षक बारामतीच्या विश्रामगृहावर येणार असं कळलं. मतदारसंघातून दोन नावं गेली होती, एक विजयसिंहाचं आणि दुसरं स्वरूपाचं. तिचं नाव कार्यकर्त्यांनी तिला न विचारता धाडलं होतं. जीपमधले आबा बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. निरीक्षकांनी कळवलं की आबा बोट दाखवतील त्याला तिकीट.

आदल्या दिवशी दुपारी विजयसिंहानं बिरूला गाडीच्या शेडमध्ये गाठलं. त्यानं आडपडदा ठेवला नाही. आपण आमदार झालो की झेडपीचा गट मोकळा होतो, पोटनिवडणूक लागते, आणि तिथं बिरूनानांशिवाय दुसरं नाव नाही, असं तो म्हणाला. वाटल्यास आत्ता लिहून देतो म्हणाला. बिरूनं लिहून घेतलं नाही. नुसता उभा राहून गाडीच्या बॉनेटवरची धूळ बोटानं पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी बिरू आबांच्या खोलीत गेला. स्वरूपा त्यांचे केस विंचरत होती. आबांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, ओढून बिरूच्या हातावर ठेवलं आणि बघू म्हणाले. स्वरूपाला वाटलं, आपल्याला सांभाळायला सांगतायत. बिरूला बरोबर कळलं. हिचं नाव सांग. आबांचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, आणि त्या डोळ्यांत तीस वर्षांत पहिल्यांदाच विनवणी होती.

"व्हय आबा," बिरू म्हणाला. "सांगतो."

विश्रामगृहाच्या खोलीत निरीक्षक दोघे होते. त्यातले मोठे विदर्भातले, मऊ बोलणारे. आबांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. विजयसिंह खिडकीपाशी स्वरूपाला अगदी खेटून उभा राहिला. निरीक्षकांनी आबांच्या प्रकृतीची चौकशी केली, त्यांनी पक्षासाठी काय काय केलं ते आठवणीनं सांगितलं आणि मग विचारलं की आबा, तुमच्या मनात कोण आहे.

आबांनी डावा हात उचलला. तो खिडकीकडं गेला. तिथं दोघंही होते.

"बघू," आबा म्हणाले. "बघू."

निरीक्षकांनी बिरूकडं पाहिलं. साऱ्या खोलीनं पाहिलं. बिरू खुर्चीमागून पुढं आला. नंतर कित्येक दिवस तो स्वतःला विचारत राहिला की त्या क्षणी आपल्याला काय आठवलं, आणि त्याला आठवलं ते तिकीट नव्हतं की शेडमधला शब्दही नव्हता. त्याला आठवलं होतं ते पंगतीतलं ताट, त्यात दुसऱ्यांदा पडलेलं मटण आणि ते आपण खाल्लं ते.

"आबा म्हणत्यात, विजयसिंह," तो म्हणाला. आणि कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाला, "ताईंनी आपलं घर सांभाळावं म्हणत्यात."

आबांची मान गर्रकन वळली. त्यांनी बिरूकडं पाहिलं. मग ते ओरडायला लागले. बघू, बघू, बघू. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या, तोंडातून फेस आला, डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती. निरीक्षक घाबरून उठले.

"काय म्हणतायत?"

"दुसरं नाव काढू नका म्हणत्यात," बिरूनं सांगितलं. "त्यांना राग आलाय की असं इचारलंच कसं."

आबांनी हात टाकून बिरूचा सदरा छातीपाशी धरला. बटण तुटून फरशीवर पडलं. बिरूनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. जोर फारसा नव्हताच त्यांत.

स्वरूपा खिडकीपासून पुढं आली. तिनं वाकून वडलांच्या पायांना हात लावला. आबा तिचा पदर धरायला बघत होते, पण हात पोचेपर्यंत ती सरळ झाली होती. ती बाहेर पडली आणि बारामतीतल्या आपल्या घरी चालत गेली. इंदापुरातलं तिचं सामान विजयसिंहानं दुसऱ्या दिवशी जीपनं पोचवून दिलं. बंगल्यावर यायची तिला गरज नाही, असा निरोपही सोबत गेला.

घरी गेल्यावर बिरूनं सारजाला सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. दहा बकरी तिनंच तर सोडून दिली होती. सारजा ताक घुसळत होती. ती थांबली.

"त्यानं तुमाला फसवलं तवा तुमाला तोंड व्हतं," ती म्हणाली. "तुमी न्हाय बोलला, ती गोष्ट येगळी. त्याला तर तोंडच न्हाय."

"लई भोगलंय आपण, सारजे."

"व्हय. मी कुठं न्हाय म्हनती." आणि ती पुन्हा ताक घुसळायला लागली.

विजयसिंह निवडून आला. आबांच्या मतांपेक्षा जास्त मतं पडली. गुलाल घेऊन तो वडलांच्या खोलीत गेला आणि त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. ते डोळे मिटून पडून होते.

आता आबांजवळ छबूबाई नावाची एक बाई ठेवली होती. बाई वाईट नव्हती. पण तिला दिवसाला शंभर कामं, आणि आबांचं बोलणं ती जसं ऐकू येईल तसंच घ्यायची. ताट पुढं धरलं की आबा बघू म्हणायचे. तिला वाटायचं, नंतर बघू म्हणतात. ती ताट झाकून ठेवायची. तासानं पुन्हा यायची, पुन्हा तेच. चमचा ओठापाशी नेला आणि ते ओरडले की तिला वाटायचं, नको म्हणतात. मोठ्या माणसाला जबरदस्ती कशी करायची म्हणून ती ताट मागं न्यायची आणि कुत्र्याला घालायची. म्हाताऱ्या माणसाला भूक कमीच लागते, असं ती विजयसिंहाच्या बायकोला सांगायची. दिवाळीपर्यंत आबांच्या गालांची हाडं वर आली.

स्वरूपा दोनदा फाटकापर्यंत आली होती. दोन्ही वेळा आबा झोपलेत असं सांगून तिला परत लावलं. तिनंही फार हट्ट धरला नाही. ज्यानं आपलं नाव नाकारलं त्याच्या दारात किती उभं राहायचं, असं तिला वाटलं असावं.

बिरू पहिले काही दिवस यायचा, मग आठवड्यानं, मग येईनासा झाला. आबा त्याला बघितलं की तोंड भिंतीकडं फिरवायचे. नोव्हेंबरात पोटनिवडणूक जाहीर झाली आणि विजयसिंहानं दिलेला शब्द पाळला. बिरूनं तोंड उघडलं तर काय होईल हे त्याला चांगलं माहीत होतं. अर्ज भरायच्या दिवशी बिरू बंगल्यावर आला. आबांच्या पाया पडतानाचा फोटो पाहिजे होता. फोटोवाल्याला बाहेर थांबवून तो आधी एकटाच खोलीत गेला.

या खेपेला आबांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी बिरूकडं पाहिलं आणि बघू म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की बिरूला खाली वाकावं लागलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. बिरूला लगेच कळलं. त्यात राग नव्हता, विश्रामगृहाची आठवण नव्हती, काहीच नव्हतं. त्यांना भूक लागली होती.

सात वेळा निवडून आलेल्या माणसाची भूक ऐकून बिरूच्या अंगावर काटा आला. त्यानं चादर जरा वर केली. हात काडीसारखा झाला होता. "आत्ता सांगतो छबूबाईला," तो म्हणाला आणि बाहेर पडला. पडवीत फोटोवाला, कार्यकर्ते, विजयसिंहाचा ड्रायव्हर, सगळे घोळका करून उभे होते. बारामतीत अर्ज द्यायची वेळ तीनपर्यंत होती आणि सूचकाची सही एका ठिकाणी राहिली होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कुणीतरी बिरूच्या गळ्यात हार घातला. इंदापूरच्या नाक्यावर त्याला आठवलं की छबूबाईला सांगायचं राहिलं. परत वळलो तर वेळ गाठत नाही, असं म्हणून त्यानं गाडी पुढं घेऊ दिली. येताना सांगू, असं त्याच्या मनात होतं. येताना मिरवणूक होती.

चौथ्या दिवशी आबा गेले. सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. बंदुकीच्या फैरी झडल्या, चौदा जणांनी भाषणं केली. अंघोळ घालणाऱ्यांनी तेवढं पाहिलं की पाठीवर मूठ जाईल एवढी जखम होती. त्यांनी ते बाहेर सांगितलं नाही. चितेपाशी विजयसिंहानं माइकवर बिरूला पुढं बोलावलं. आबांना यांच्यापेक्षा कुणी जास्त ओळखलं नाही, असं तो लोकांना म्हणाला. बिरू माइकसमोर उभा राहिला आणि रडला. ते रडणं खरं होतं. त्या रडण्यानं त्याला अख्ख्या गटाची मतं मिळाली, असं नंतर सगळेच म्हणाले.

डिसेंबरात बिरू वाघमोडे जिल्हा परिषदेचा सदस्य झाला. वस्तीवरून पुन्हा ट्रॅक्टर आले, भंडारा उधळला. सारजा सत्काराला आली नाही. मेंढी व्याली आहे म्हणाली.

वर्ष संपायच्या दोन दिवस आधी बारामतीत पंचायत समितीच्या आवारात त्याला स्वरूपा भेटली. ती वाळली होती, केस अर्धे पांढरे झाले होते. बिरूच्या बरोबर चार माणसं होती. ती म्हणाली की नानांशी जरा एकट्याशी बोलायचंय. माणसं लांब गेली.

तिनं त्याचं अभिनंदन केलं, सारजाबाईंची चौकशी केली. मग म्हणाली, "नाना, एक विचारू? खरं सांगा. मला आता त्याचं काही करायचं नाही. तिकीट गेलं, आबा गेले. पण मला झोप लागत नाही. त्या दिवशी आबांनी हात माझ्याकडं केला असं मला वाटलं होतं. माझा भास होता का?"

बिरूनं तिच्याकडं पाहिलं. सहा महिने तिनं त्या माणसाचं सगळं काढलं होतं. एक शब्द पुरेसा होता. तो शब्द त्याच्या तोंडात आलाही होता. तिला पाच हजार माणसांत जाऊन सांगायचं नव्हतं, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. पण तिला सांगायचं म्हणजे एका माणसाला तरी ठाऊक असणार की बिरू वाघमोडेनं काय केलं. सारजाला ठाऊक होतं आणि तेवढंच त्याला जड जात होतं. चार महिने ती त्याच्याशी जेवणापुरतंच बोलत होती.

"तुमचं नाव ऐकायला मला लई आवडलं असतं, ताई," तो म्हणाला. "पर आबा विजयबाबांचंच नाव घेत व्हते. लई येळा घेतलं."

"आणि घर सांभाळावं, ते?"

"त्ये बी तेच म्हनले."

स्वरूपानं मान हलवली.  मग पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला आणि नानांचा जास्त वेळ घेतला म्हणाली. बिरूनं तिला गाडीनं घरापर्यंत सोडू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली आणि फाटकाकडं चालू लागली.

लांब गेलेली माणसं परत आली. कऱ्हाटीच्या बाजूचे दोघे पाझर तलावाचं काम घेऊन आले होते. त्यांनी अर्ज पुढं केला आणि बिरूनं वाचायला खिशातून चष्मा काढला.